नगरपंचायत झाली, ग्रामसभा गेली : निर्णय होण्यापूर्वी नागरिकाने आपले म्हणणे कुठे मांडावे?

खाडीकाठ (मूळ प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील एका छोट्या शहरात राहतो. दहाएक वर्षांपूर्वीपर्यंत आमचे गाव ग्रामपंचायतीचे होते. नगरपंचायत झाल्यावर वाड्यांचे सतरा प्रभाग झाले, घरपट्टीच्या पावतीवरचा मथळा बदलला, सरपंचांच्या जागी नगराध्यक्ष आले आणि ग्रामसेवकांच्या जागी मुख्याधिकारी. या सगळ्या धामधुमीत ग्रामसभा कधी गेली ते कुणाच्या ध्यानातही आले नाही. प्रजासत्ताक दिनाला किंवा महाराष्ट्र दिनाला झेंडावंदन आटोपले की शाळेच्या पडवीत सतरंजी पडायची आणि पाखाडीसाठी, म्हणजे दगडी पायवाटेसाठी, आलेला निधी कुठे मुरला, हे सरपंचांना तोंडावर विचारता यायचे. उत्तर मिळेच असे नाही, परंतु प्रश्न वहीत नोंदला जाई. आज तसाच प्रश्न विचारायचा झाला तर कोणत्या दिवशी, कोणत्या जागी आणि कुणापुढे, हे मला सांगता येणार नाही.

हे आता लिहिण्याचे कारण आमचा मासळीबाजार. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला सकाळी चाळीसहून अधिक बायका मासे घेऊन बसतात. तीन महिन्यांपूर्वी ठेकेदाराची माणसे एसटी स्थानकामागच्या जागेत फीत घेऊन मोजमाप करू लागली, तेव्हा कळले की तिथे शेड होणार आहे आणि बाजार तिकडे हलणार आहे. आराखड्यात ओटे आहेत चोवीस, तेही उभ्याने मासे कापण्याच्या उंचीचे. आमच्या बायका जमिनीवर बसून अडाळ्यावर, म्हणजे विळीवर, मासे कापतात. त्यांच्यातल्या एका मावशीने त्या माणसांना एवढेच विचारले, "आणि ह्या ओट्यार माझो अडाळो खंय रवतलो?" फीत धरलेला मुलगा हसला. नगरसेवकांकडे गेलो, तर त्यांनी शांतपणे सांगितले की ठराव गेल्या वर्षीच झाला, निविदाही निघाली, आता बोलून काय उपयोग. कुणी मुद्दाम लपवले असे मला म्हणायचे नाही. आम्हाला विचारायला हवे होते, हे कुणाच्या मनातच आले नाही, आणि मला तेच अधिक लागले.

नगरपंचायतीच्या सभेला सामान्य नागरिकाला बसता येते का, प्रभागात सभा घेण्याचे बंधन नगरसेवकावर आहे का, आणि ठराव होऊन गेल्यावर काही करता येते का, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे. गावाचे नाव मुद्दामच देत नाही.

निवृत्त अधीक्षक

रत्नागिरी जिल्ह्यातील एका नगरपरिषदेत माझी तीस वर्षे गेली, त्यांतली शेवटची अकरा सभा शाखेत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी यांचा जो १९६५ चा अधिनियम आहे, त्याच्या कलम ८१ प्रमाणे सभा सर्वांना खुली असते. एखाद्या विषयाची चर्चा खासगीत व्हावी असे पीठासीन अधिकाऱ्यांना वाटले तर ते तसे करू शकतात, आणि गोंधळ घालणाऱ्याला बाहेर काढू शकतात. तुम्हाला बसता येईल, बोलता येणार नाही. आमच्या सभागृहात प्रेक्षकांसाठी एक लांब बाक होते. त्यावर कधी कुणी बसत नसल्यामुळे आम्ही जुनी दप्तरे ठेवू लागलो आणि पुढे ते बाक प्रेक्षकांचे आहे हे नव्या शिपायाला ठाऊकच नव्हते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, राज्यघटनेत तरी लहान शहरांवर तसे बंधन नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने गावाला ग्रामसभा दिली. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या दुरुस्तीने शहरांना प्रभाग समित्या दिल्या, परंतु अनुच्छेद २४३-एस नुसार त्यांचे बंधन तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांनाच आहे. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांत पनवेलची महानगरपालिका सोडली तर त्या आकड्याच्या जवळपासही कुणी जात नाही. खुद्द रत्नागिरी शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ७६ हजारांच्या आसपास होती. म्हणजे घटनेप्रमाणे दोन हजार वस्तीच्या खेड्याला सभा आहे, तीन लाखांच्या शहराला निदान समिती आहे, आणि मधल्या सगळ्यांना पाच वर्षांतून एकदा मतदान. पुढे २००५ मध्ये केंद्राने नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेच्या निधीसाठी, राज्यांनी क्षेत्रसभांचा, म्हणजे प्रभागातील मतदारांच्या सभांचा, कायदा करावा अशी अट घातली, त्यालाही आता वीस वर्षे झाली. केरळात मात्र लहान शहरांच्या वॉर्डसभा कायद्यातच आहेत, त्यामुळे हे अशक्य आहे असे म्हणता येत नाही.

आता खरा मुद्दा. तुम्ही सभेला निर्णयाची जागा समजता. ती बहुतेक वेळा निर्णयावर शिक्का मारण्याची जागा असते. कनिष्ठ अभियंता जागा पाहून येतो, नकाशा व अंदाजपत्रक तयार करतो, कोणत्या योजनेच्या निधीत ते बसते हे पाहिले जाते, मग विषयपत्रिकेवर एका ओळीचा विषय येतो : 'मासळीबाजार शेड बांधणेबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे'. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. मी असे शेकडो ठराव लिहिले आहेत आणि त्यांतल्या एकातही ओट्याच्या उंचीवर चर्चा झालेली आठवत नाही, कारण ती उंची अभियंत्याच्या टेबलावर, बहुधा आधीच्या कुठल्या तरी शेडचा नकाशा समोर ठेवून ठरलेली असते. तेव्हा जायचे तर त्या टेबलाकडे, आणि तेही विषयपत्रिका निघण्याआधी. तोंडी सांगू नका. लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घातलेली पोच घ्या आणि त्या पोचेची प्रत नगरसेवकाच्या हाती द्या. अर्ज दप्तरी आहे हे माहीत असले की सभेत तो विषय दामटून नेणे जड जाते.

ठराव झाल्यानंतरचा मार्ग अरुंद आहे. कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती देऊ शकतात, परंतु ठराव कायद्याला धरून नाही किंवा त्यामुळे लोकांना इजा वा उपद्रव होतो, असे काही दाखवावे लागते. शेड गैरसोयीची आहे एवढ्यावर ते भागणार नाही. म्हणून आधी फाइल पाहा. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. नाही दाखवले तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करा. त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये असेही म्हटले आहे की, जनतेवर परिणाम करणारा महत्त्वाचा निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व वस्तुस्थिती कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करावी. या वाक्याकडे अर्जदारांचे सहसा लक्ष जात नाही. अर्जात ते शब्दशः लिहा.

वाशिष्ठीकाठची

अधीक्षक काकांनी लिहिले त्यात एक भर घालते, आणि माझ्या मते तुमच्या प्रकरणात तीच महत्त्वाची ठरेल. रस्त्याकडेला बसून विकणाऱ्या बायका या पथविक्रेत्या आहेत, आणि त्यांच्यासाठी २०१४ चा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत नगर पथविक्रेता समिती असायला हवी. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांतल्या एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. विक्रेत्यांना दुसरीकडे हलवायचे असेल तर या समितीची शिफारस लागते आणि विक्रेत्यांना ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. तुमच्या शहरात ही समिती स्थापन झाली आहे का, झाली असेल तर तिच्यापुढे हा विषय गेला का, एवढे दोनच प्रश्न लेखी विचारा. अधीक्षक काकांनी सांगितलेला अरुंद मार्ग यामुळे बराच रुंद होईल, कारण मग गाऱ्हाणे गैरसोयीचे न राहता कायद्यातली पायरी वगळल्याचे होते.

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ चा पूर आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत आला होता; भिंतीवरची ती रेघ आम्ही रंग देतानाही तशीच ठेवली आहे. पुरानंतर पूररेषांवरून शहरात मोठा क्षोभ झाला. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, एवढे प्राथमिक ज्ञानही आमच्यापैकी अनेकांना रेषा आखून झाल्यावर मिळाले. वाशिष्ठी आणि शिव नदीतील गाळ काढावा म्हणून लोकांनी त्या वर्षाच्या अखेरीस साखळी उपोषण केले, आणि नंतर काम सुरूही झाले. उपोषणाला मी स्वतः बसले होते, त्यामुळे त्याचे मोल कमी करायचे नाही. परंतु उपोषणाने सरकार हलते. कोणता गाळ आधी, कुठून आणि कुठे टाकायचा, हे बारकावे त्याने ठरत नाहीत. ते ठरवायला कुणीतरी रोज कागद वाचणारे लागते, आणि मांडव उतरल्यावर ती माणसे पाचसात उरतात.

प्रारूप विकास योजनेविषयी, म्हणजे शहरातील जमिनीच्या वापराच्या आराखड्याविषयी, एक सावधगिरीची सूचना देऊन ठेवते, कारण लहान शहरांना ती कधी ना कधी लागतेच. १९६६ च्या नगररचना अधिनियमाखाली योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचनांसाठी लहान शहरांत ३० दिवस मिळतात, त्यानंतर नियोजन समिती सुनावणी घेते. नकाशा कार्यालयात लावलेला असतो आणि जो तो त्यात आपला सर्व्हे नंबर तेवढा शोधतो. माझ्या ओळखीच्या एका गावात असे झाले की, साठ-सत्तर हरकती आल्या त्या जवळजवळ सर्व आपल्या जमिनीवरचे आरक्षण उठवावे म्हणून. पऱ्या, म्हणजे ओढा, बुजवून दाखवलेल्या रस्त्याबद्दल एकही नव्हती, कारण पऱ्या कुणाच्याच सातबाऱ्यावर नव्हता. सुनावणीत प्रत्येकाला दोनचार मिनिटेच मिळतात. तेव्हा हरकतीसोबत फोटो, नकाशाचा तुकडा आणि नेमकी मागणी जोडलेली असावी.

माजी नगरसेवक, प्रभाग ५

सर्वांचे लेखन वाचले. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने आलेला आहे, त्यामुळे थोडे कडू लिहिणार आहे.

ग्रामसभेची आठवण काढताना तिची वहीही आठवावी. तिची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जे कमी असेल ते. आमच्या जुन्या ग्रामपंचायतीत ही शंभर माणसे शाळेच्या पडवीत क्वचितच दिसत. वही नंतर घरोघर फिरे आणि सह्या होत. नाहीच जमले तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे सर्वांना पाठ होते. तेव्हा ग्रामसभा परत मिळाली की लोकशाही आली, असे समजू नका.

निवडून आल्यावर पहिल्या वर्षी मी हौसेने प्रभागसभा घेतली. अकराशे मतदारांपैकी चौदा आले. त्यांतले नऊ निवृत्त शिक्षक किंवा बँकवाले, आणि दोघे शेजारी एकमेकांच्या सांडपाण्याची तक्रार घेऊन. रविवारी सकाळी दहाची वेळ ठेवली होती. त्या वेळी अर्धा प्रभाग बाजारात मासे विकत होता आणि उरलेला विकत घेत होता. ही चूक माझी होती. दुसऱ्या वर्षी पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात, होड्या शाकारून वर ओढलेल्या असताना, संध्याकाळी बंदरावरच्या जाळी विणायच्या शेडमध्ये बसलो. कुणी बोलावणे लावले नव्हते, जाळी दुरुस्त करायला आलेली माणसेच सभेला होती. पन्नासवर संख्या झाली, बायकाही जवळजवळ निम्म्या. तिथे मला पहिल्यांदा कळले की आम्ही मोठ्या कौतुकाने बसवलेले रस्त्याचे दिवे पहाटे चारला, बायका बंदरावर निघतात नेमक्या त्या वेळी, बंद असतात, कारण ते घड्याळावर लावलेले होते. त्या कामाला पैसा लागला नाही. वायरमनला सांगितले आणि घड्याळ फिरवले.

चाकरमान्यांचाही विचार करावा. आमच्या प्रभागाच्या व्हॉट्सॲप गटात दोनशे जण आहेत, त्यांतले निम्मे मुंबईत. मते तेच हिरीरीने मांडतात आणि त्यांची मागणी बहुधा गणपतीपूर्वी घरापर्यंत गाडी जावी ही असते. ती चुकीची आहे असे नाही. परंतु बारा महिने इथे राहून विहिरीचे पाणी भरणारी बाई त्या गटात नाही, आणि त्या गटावर मतदान घेऊन काम ठरवले तर रस्ता येईल, पाणी येणार नाही.

आणखी एक. आमची मुदत संपल्यापासून डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीपर्यंत, जवळजवळ चार वर्षे, राज्यातील बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. त्या काळात ठराव मांडणारा, मंजूर करणारा आणि अंमलात आणणारा एकच. प्रामाणिक अधिकारी असला तरी त्याला पहाटे चारच्या दिव्यांची गोष्ट कोण सांगणार? आता नवे सदस्य आलेले आहेत, त्यांना अजून सवयी लागलेल्या नाहीत. सभा मागायची तर हीच वेळ आहे. दोन वर्षांनी तेही आमच्यासारखे होतील.

दादर पश्चिम

चर्चा उत्तम चालली आहे. मी मुंबईत असतो आणि वरच्या चाकरमान्यांपैकीच एक आहे, त्यामुळे थोडा ओशाळलोही. सभांचे थेट प्रक्षेपण करायला लावले तर निम्मे प्रश्न सुटणार नाहीत का? शिवाय पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवते, ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने तर १९८९ मध्येच हे सुरू केले. कोकणात का होऊ नये?

निवृत्त अधीक्षक

सभा खुलीच आहे, तेव्हा ठराव करून प्रक्षेपण जरूर करावे. परंतु तीन तासांचे चित्रीकरण नंतर पाहण्यापेक्षा दोन पानांची विषयपत्रिका सभेच्या चार दिवस आधी मासळीबाजारात आणि एसटी स्थानकावर लागणे मला अधिक उपयोगाचे वाटते. पुण्याच्या पद्धतीबद्दल एवढेच की, तिथेही नागरिक कामे सुचवतात ती पदपथ, दिवे, बाक अशी छोटी. आपल्याकडे नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून पगार आणि वीजबिल भागले की हातात फार उरत नाही आणि मोठी कामे शासनाच्या योजनांतून येतात, ज्यांचा हेतू वरूनच ठरलेला असतो. म्हणून पोर्तो अलेग्रेचे नाव घेण्याआधी जमाखर्चाची बाजू पाहावी. अंदाजपत्रकाची सभा साधारण फेब्रुवारीत होते. नागरिकांनी सूचना द्यायच्या तर दिवाळीनंतर लगेच द्याव्यात, तेव्हा आकडे अजून पेन्सिलीत असतात.

माजी नगरसेवकांशी मी एका बाबतीत असहमत आहे. घरोघर फिरणारी वही ही लबाडी होती हे खरे, तरी ती वही होती. तिच्यावरून दहा वर्षांनीही कुणी काय विचारले हे सापडे. बंदरावरच्या तुमच्या सभेचे इतिवृत्त कुठे आहे?

माजी नगरसेवक, प्रभाग ५

इतिवृत्त नाही. हे मान्य करतो. दिव्यांची गोष्ट माझ्या डोक्यात राहिली म्हणून झाली. त्याच संध्याकाळी कुणीतरी धक्क्याच्या पायऱ्यांविषयीही बोलले होते, ते मी विसरलो, आणि त्या पायऱ्या अजून तशाच आहेत.

खाडीकाठ

सर्वांचे आभार. गेल्या सोमवारी दुपारी तीन वाजता दोन मावशींना घेऊन कार्यालयात गेलो. पहिली वीस मिनिटे, असा काही शासन निर्णय आहे का, यातच गेली. मग लेखनिकांनी फाइल काढून दिली आणि बसायला खुर्च्याही दिल्या, हे नमूद केले पाहिजे. नकाशात ओट्याची उंची ७५ सेंटिमीटर आहे आणि सांडपाण्याचा उतार मागच्या व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे. पथविक्रेता समितीचा फाइलमध्ये कुठेही उल्लेख नाही. नकाशाच्या कोपऱ्यात दुसऱ्याच एका गावाचे नाव खोडून आमचे लिहिलेले होते. अधीक्षक काकांचा अंदाज इतका तंतोतंत खरा ठरेल असे वाटले नव्हते. अडाळ्याच्या मावशीने तो कोपरा पाहिला आणि मला म्हणाली, "थंयच्या बायको उभ्यान कापतत काय, तां एकदा इचारून येवया."

दोन्ही प्रश्नांचा लेखी अर्ज दिला, पोच घेतली. मुख्याधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष भेटीत सांगितले की कार्यादेश अद्याप दिलेला नाही, त्यामुळे उतार बदलता येईल आणि एका बाजूला बसून विकण्यासाठी कमी उंचीचा सलग कट्टा करता येईल का ते अभियंता पाहतील. चोवीसचा आकडा मात्र निधीमुळे वाढणार नाही असे त्यांचे म्हणणे आहे. उरलेल्या बायका कुठे बसणार, यावर उत्तर मिळाले नाही. आमच्या नगरसेवकांनी येत्या शुक्रवारी संध्याकाळी बंदरावर सभा घ्यायचे कबूल केले आहे, आणि अभियंत्यालाही आणतो म्हणाले. ही सभा कायद्यातली नसल्यामुळे तिची नोंद कुणी आणि कशी ठेवावी, तेवढे सांगावे.

निवृत्त अधीक्षक

साधी दोनशे पानी वही घ्या. वर दिनांक, जागा, वेळ लिहा. कोण बोलले आणि काय मागितले हे त्यांच्याच शब्दांत लिहा, मालवणीत बोलले तर मालवणीत. उपस्थितांच्या सह्या तिथेच घ्या, अंगठे असतील तर अंगठे, आणि वही घरोघर फिरवू नका. शनिवारी दोन प्रती काढा. एक मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आवक शाखेत द्या आणि दुसरीवर पोच घ्या. अभियंता आले तर त्यांची सही सर्वांत आधी घ्या, कारण ते लवकर निघून जातील.